बक्षीस समारंभाच्या आधी

ठाणे

चि. दीना,

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

२०२७ च्या वर्षअखेर समारंभाचं काम तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तुझ्या गळ्यात घातल्याचं आईकडून कळलं. फोनवर अर्ध्या गोष्टी सुटतात, म्हणून लिहायला बसलो. शाळेच्या कचेरीत जन्म गेलेल्या माणसाचं पत्र आहे, तेव्हा यात कौतुक कमी आणि हिशेब जास्त असेल.

आधी तारीख ठरव. हॉल, पाहुणे, ट्रॉफ्या सगळं नंतर. ज्यू शाळेची तारीख काढायची तर चार पंचांगं एकाच वेळी उघडून बसावं लागतं. आपल्या हिब्रू पंचांगात १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना येतो, आणि तो नेहमी अदारच असतो. यंदाचं ५७८७ हे तसलंच वर्ष आहे. त्यामुळे पेसाह, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेचा सण, आजी ज्याला अनशी धाकाचा सण म्हणायची तो, थेट २२ एप्रिलला जातो. आठ दिवस तो आणि त्याच्या दुसऱ्या रात्रीपासून ओमेरची, म्हणजे पुढच्या एकोणपन्नास दिवसांची, मोजणी. ओमेरच्या पहिल्या तेहतीस दिवसांत आपल्यात लग्न नाही, वाजंत्री नाही. म्हणजे पेसाहनंतर समारंभ ठेवलास तर पेटी-तबला बंद, आणि पुढे शाळेलाच सुट्टी लागते. पेसाहच्या आधीचा आठवडा घराघरांत डबे घासण्यात जातो, तेव्हा त्या वेळीही कुणाच्या आईकडून मदतीची अपेक्षा धरू नकोस.

आता दुसरी बाजू बघ. तुमची बहुतेक मुलं मुसलमान घरांतली. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल आणि ईद १० मार्चच्या आसपास, चंद्र दिसेल तशी. त्या महिनाभरात दुपारच्या तालमी ठेवू नयेत. मोठ्या वर्गांतल्या मुलांचे रोजे असतात, आणि उपाशीपोटी दोन तास उभं राहून मूल चक्कर येऊन पडलं की दोष तालमीचाच. सकाळची पहिली तासिका घे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये उरकते. आपला पुरीमचा सण २३ मार्चला, होळी-धुळवडीच्या दिवसांतच. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून वर्गांच्या वार्षिक परीक्षा सुरू होतात. हे सगळं गाळून हाती काय राहतं? रविवार, ४ एप्रिल. माझं मत विचारशील तर तीच तारीख धर.

शुक्रवार घेऊ नकोस. दुपारी नमाज, संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा काम वर्ज्य असलेला विश्रांतीचा दिवस, सुरू. मधल्या तीन तासांत कुणाचंच समाधान होत नाही. शनिवारी शाळा बंदच. पण शनिवारचा खरा घोटाळा निराळा असतो. समारंभ रविवारी असला की मांडववाला खुर्च्यांचा टेम्पो शनिवारी दुपारी पाठवतो, शिपाई फाटक उघडतो आणि भर शब्बाथच्या दिवशी शाळेत हातोडे वाजू लागतात. आपले हात लागले नाहीत तरी काम आपल्या सांगण्यावरूनच चाललेलं असतं. म्हणून ऑर्डरवरच लिहून दे: सामान शुक्रवारी दुपारी ३ च्या आत, नाहीतर शनिवारी रात्री ८ नंतर. मुंबईत एप्रिलच्या सुरुवातीला सूर्य सातच्या आधी मावळतो. तारे दिसायला आणखी अर्धा-पाऊण तास. ८ म्हणजे सुरक्षित.

रविवारचा दोष एकच, मेगाब्लॉक. तो साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ असतो आणि नक्की कुठे आहे ते शुक्रवार-शनिवारी कळतं. धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की मधली स्टेशनं गळतात. आपली मंडळी ठाण्याहून येणार, त्यांत म्हातारी माणसं जास्त. कार्यक्रम ९ ला सुरू कर. येताना गाड्या सुरळीत मिळतील. जाताना ब्लॉक असला तर शुक्रवारीच सगळ्यांना निरोप जाऊ दे, की थेट बसने कुठपर्यंत जायचं आणि गाडी कुठून पकडायची.

आता यादी. समारंभाचं निम्मं यश यादीत असतं आणि निम्मी भांडणंही.

सगळ्यात आधी वर्ष कुठून कुठवर धरायचं ते लेखी ठरव: १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७. ४ एप्रिलला वार्षिक निकाल हातात नसतो, म्हणून वर्गाची बक्षिसं मागच्या वर्षीच्या निकालावर द्यावी लागतात. मागच्या वर्षी सहावीत असलेली मुलगी आज सातवीत बसते. निवेदकाने नुसतं 'इयत्ता सहावी' म्हटलं की यंदाच्या सहावीतल्या आया एकमेकींकडे बघू लागतात. वाचायचं असं: 'गेल्या वर्षी सहावीत, आता सातवीत.' दहावीचं तसंच. बोर्डाचा निकाल मे-जूनमध्ये लागतो, म्हणून व्यासपीठावर येतात ती मागच्या बॅचची मुलं, आता अकरावीत असलेली. त्यांचे फोन नंबर बदललेले असतात. त्यांना जानेवारीतच शोधायला लाग. मार्चअखेर शोधून सापडत नाहीत आणि मग ट्रॉफी कपाटात धूळ खाते.

आठवीपर्यंत श्रेणी असते, क्रमांक नसतो. एका वर्गात चौदा मुलांना अ-१ मिळाली तर चौदांनाही प्रमाणपत्र दे. चिठ्ठ्या टाकून पहिला-दुसरा काढू नकोस. शिष्यवृत्ती परीक्षा, आठवीची एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा, जिल्हा क्रीडा स्पर्धा, आंतरशालेय वक्तृत्व, यांची कागदपत्रं चार वेगवेगळ्या शिक्षकांकडे असतात. प्रत्येकाकडून प्रमाणपत्राची झेरॉक्स माग. तोंडी सांगितलेलं यश यादीत घालायचं नाही. 'तिसरा आला होता वाटतं' असं सांगितलेला मुलगा उत्तेजनार्थ निघतो, आणि खरा तिसरा दुसऱ्या शाळेतला असतो.

शंभर टक्के हजेरीचं बक्षीस हे दिसायला सगळ्यात सोपं आणि द्यायला सगळ्यात अवघड. रोश हशाना (नवं वर्ष), किप्पुर (उपासाचा दिवस) या सणांना शाळेची सुट्टी असेल, पण सुक्कोथच्या, मांडवांच्या सणाच्या, मधल्या दिवसांत एखादं मूल सिनेगॉगमध्ये गेलं, कुणी मुहर्रमला थांबलं, कुणाच्या घरी आणखी काही होतं. धर्माच्या दिवसासाठी पालकांची चिठ्ठी आलेली असेल तर ती गैरहजेरी बक्षिसापुरती धरू नये, असा नियम जूनमध्येच वहीत लिहून सही घ्यावी. आता उशीर झाला असेल तर निदान तो सगळ्या वर्गांना सारखा लाव. एका वर्गशिक्षिकेने माफ केलं आणि शेजारच्या वर्गात नाही, तर पालक सभेत तेच निघतं.

नावं. प्रत्येक नाव जनरल रजिस्टरवरून घे, हजेरीच्या कॅटलॉगवरून नाही. कॅटलॉगमध्ये दरवर्षी नव्याने नक्कल होते आणि चुकाही दरवर्षी वाढतात. यादीत जी.आर. नंबरचा रकाना पहिला ठेव. एकाच वर्गात एकाच नावाची तीन मुलं असू शकतात. नंबरच त्यांना वेगळं करतो. मग छापायच्या आधी यादी वर्गात पाठव आणि मुलाला स्वतःला आपलं नाव वाचून शेजारी सही करायला सांग. आईबापांच्या डोळ्यांतून सुटलेली चूक मूल बरोबर पकडतं. आणि निवेदकाच्या प्रतीत उच्चार कळेल असं देवनागरीत मोठ्या अक्षरात लिही, इंग्रजीवरून वाचायला देऊ नकोस. इंग्रजीवरून वाचलं की आपल्या मोशेचा मोझेस होतो आणि त्यांच्या खदीजाची कडीजा.

प्रमाणपत्रं ३०० जीएसएमच्या कार्डावर, यादीपेक्षा दहा टक्के जास्त, कोरी. शाई पाण्याने पसरणारी नको. एप्रिलमध्ये मुलांच्या हाताला घाम असतो. ट्रॉफ्या धोबीतलावच्या खेळसामानाच्या दुकानांतून मिळतील. नावं कोरायला आठ-दहा दिवस लागतात, मार्चअखेर जास्त, कारण सगळ्या शाळा एकाच वेळी धावतात. फिरत्या ढालींकडे आत्ताच बघ. पत्र्याच्या पट्टीवर जागा संपली की मधली दोन-तीन वर्षं कुणीच नाव कोरत नाही आणि पुढे ते आठवतही नाही. खाली लाकडी पाया वाढवून नवी पट्टी बसवता येते, आणि राहिलेली वर्षं जुन्या अहवालांवरून भरून काढता येतात.

ठेवीच्या बक्षिसांचं काय करायचं, हे तुला कुणीतरी विचारणारच. आपल्या शाळांत आजोबा-पणजोबांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या रकमा फार. पन्नास-साठ वर्षांपूर्वी एक हजार रुपये म्हणजे मोठी ठेव होती. आज सात टक्क्यांनी तिचं व्याज सत्तर रुपये. सत्तर रुपयांत धड पुस्तक येत नाही. अशा तीन-चार ठेवींचं व्याज एकत्र करून एक चांगला शब्दकोश द्यावा, मात्र नावं तीनही-चारही वाचावीत. नाव गाळलं तर इस्रायलला गेलेल्या नातेवाइकांचं हैफातून पत्र येतं, आणि ते योग्यच असतं. पैसे कशासाठी ठेवले होते ते ट्रस्टच्या ठरावात लिहिलेलं असतं. 'हिब्रू विषयात पहिला' असं असेल आणि आता हिब्रू शिकवत नसतील, तर बक्षीस दुसरीकडे वळवायला विश्वस्तांचा नवा ठराव लागेल. तुझ्या मनाने वळवू नकोस.

'सर्वांत जास्त प्रगती' हे बक्षीस चांगलं आहे, फक्त ते का मिळालं ते माइकवर सांगायचं नाही. 'पहिल्या सत्रात तीन विषयांत नापास होता' हे वाक्य ऐकून टाळ्या वाजतात, पण मुलाचा चेहरा बघ. आपल्याकडे चारचौघांत माणसाला लाजवून त्याचं तोंड पांढरं करणं हे रक्त सांडण्याबरोबर धरलं आहे. त्याच न्यायाने फी थकलेल्यांचा उल्लेख त्या दिवशी कुठेही नको, फलकावरही नको.

व्यासपीठाचं गणित सरळ आहे. एका बक्षिसाला वीस सेकंद धरले तर १२० बक्षिसांना चाळीस मिनिटं. प्रत्येकाचा वेगळा फोटो काढायला थांबलात तर तेच दीड तास. पाच-पाच मुलं पायरीशी उभी करायची, पाचवं नाव झालं की पुढची पाच. फोटो दहाजणांचा एकत्र. बक्षिसांच्या टेबलावर प्रत्येक वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी, तोच क्रमांक यादीत. आणि इथे एक माणूस असा बसव, ज्याचं काम एकच: गैरहजर मुलाचं बक्षीस बाजूला काढून ठेवणं. त्याने एक जरी विसरून जागेवर ठेवलं, तर त्यापुढच्या प्रत्येक मुलाला आधीच्याचं बक्षीस मिळतं. पाच-सहा मुलं गेल्यावर कुणीतरी प्रमाणपत्र वाचतं, आणि मग व्यासपीठावर अदलाबदल सुरू होते. दरवर्षी कुठे ना कुठे हे घडतंच. बक्षीस देणारे पाहुणे वयस्क असतील तर वजनदार ढाल त्यांच्या हाती नुसती टेकवायची, उचलायला लावायची नाही.

वार्षिक अहवाल आठ मिनिटांत बसवायचा म्हणजे नऊशे-हजार शब्द. पटसंख्या, निकाल, स्पर्धा, दुरुस्त्या, देणग्या, निवृत्त होणारे, गेलेले. इतिहासाला एकच परिच्छेद दे, पण तो बिनचूक हवा. व्यासपीठावरून तीन चुका हमखास ऐकू येतात. पहिली, माझगावची शाळा सर एली कदूरींनी काढली ही. ती १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 'इस्रायलाइट स्कूल' म्हणून काढली. कदूरींची देणगी आणि त्यांचं नाव १९३० च्या दशकात आलं. दुसरी, ससून आणि बेने इस्रायल एकच समजणं. ससून बगदादी, भायखळ्याचं मागेन दावीद आणि त्या आवारातलं शिक्षणकार्य त्यांचं. आपण बेने इस्रायल कोकणातले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली, घरात मराठी बोलणारे. तिसरी चूक म्हणजे हिब्रू आपल्याला कुणी शिकवलंच नाही, किंवा सगळं मिशनऱ्यांनीच शिकवलं, अशा दोन टोकांची. कोचीनचे ज्यू शिक्षक आले होते हे खरं, आणि मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं हेही खरं. यापलीकडे आपल्या पूर्वजांच्या नवगावच्या जहाजफुटीपासून सुरुवात करायची गरज नाही. मुलं उन्हात बसलेली असतात.

गाणं निवडताना प्रार्थना निवडू नये. दुसऱ्या धर्माच्या मुलाला शेमा, म्हणजे आपली श्रद्धेची मुख्य प्रार्थना, म्हणायला लावणं त्याच्यावरही अन्याय आणि शेमावरही. १३३ वं स्तोत्र सगळ्यांना चालतं: 'हिने मा तोव उमा नाईम, शेवेत अख़ीम गम याख़द', भावाभावांनी एकत्र राहणं किती चांगलं, किती गोड. चाल सोपी आहे, दोन गटांत फिरवून म्हणता येते. यातला घशातला 'ख़' मराठी बोलणारी मुलं सरळ 'ख' करून टाकतात, उर्दू बोलणाऱ्या मुलांना तो जन्मतः येतो. त्यांना पुढच्या रांगेत उभं कर, बाकीची ऐकून शिकतात. आपल्या धर्माच्या शब्दांचा सगळ्यात शुद्ध उच्चार सलमा आणि झैनब करतात, हे बघून आलेल्या पाहुण्यांना नवल वाटतं. आपल्याला वाटायचं कारण नाही.

कार्यक्रमपत्रिका छापताना एक जपायचं. हिब्रू अक्षरांत देवाचं नाव असलेलं काहीही त्यावर नको, शोभेसाठीही नको. पत्रिका खुर्च्यांखाली पडतात, पायांखाली येतात, त्यांत चिक्की बांधली जाते. नाव छापलं गेलंच तर प्रत्येक प्रत गोळा करून सिनेगॉगमध्ये पुरण्यासाठी द्यावी लागेल, आणि तीनशे प्रतींपैकी तीनशे कधीच परत येत नाहीत. पत्रिकेवर 'बेसोरोत तोवोत' (शुभवार्ता) अशा शुभेच्छा चालतात, देवाचं नाव घेऊन म्हणायची आशीर्वचनाची पूर्ण बेराखा नको. मुसलमान पालकांना हे समजावून सांगावं लागत नाही. कुराणातल्या आयती छापलेला कागद तेही जमिनीवर पडू देत नाहीत.

नाटुकलं बसवण्यापेक्षा यंदा कीर्तन बसव. बेने इस्रायलांची मराठी कीर्तनं १८८० पासूनची, बेंजामिन शिमशोन अष्टमकरांनी सुरू केलेली, आणि हरिकथेच्या घाटातच बसवलेली. योसेफाचं आख्यान घे. ज्यू मुलांचा योसेफ, मुसलमान मुलांचा युसुफ आणि ख्रिस्ती मुलांचा जोसेफ एकच, कथा समजावण्यात वेळ जात नाही. बारा मिनिटांचं कर: चार मिनिटं स्वप्न आणि झगा, तीन मिनिटं विहीर, पाच मिनिटं मिसरातली भेट. फोतीफराच्या बायकोचा भाग शाळेत सोडून द्यावा. पेटी, तबला, दोन टाळ पुरे. साकी-दिंडीच्या चाली कुणाला येत नसतील तर ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या बायकांना बोलाव. तीन बैठकांत मुलं धरतात. मुख्य कीर्तनकार मुलीच्या जागी उभी राहील अशी दुसरी मुलगी तयार ठेव. एप्रिलमध्ये घसा बसतो, आणि तोही नेमका शनिवारी रात्री.

खाण्याचं. सगळ्यांसाठीचं खाणं शाकाहारी, दुधाशिवाय, आणि शक्यतो शिजवलेलं नसलेलं. मग कोशेर, हलाल, जैन हे प्रश्न एकदम मिटतात. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, केळं. द्राक्षाचं डबाबंद पेय आणू नकोस. देखरेखीशिवायचा द्राक्षरस आपल्यातल्या कडक पाळणाऱ्यांना चालत नाही. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादासाठी, करतो तसं मनुकांचं सरबत करायचं असेल तर शंभर जणांना लहान पेल्याने पाच लिटर लागेल: दीड किलो काळ्या मनुका धुऊन सहा-सात लिटर पाण्यात भिजव, कुस्करून दोनदा गाळ. भिजत घातल्यापासून ते फ्रिजमध्ये. एप्रिलच्या उकाड्यात रात्रभर बाहेर राहिलं तर सकाळी वर बारीक फेस दिसतो, वास बदलतो. ते आंबलेलं असतं. आपल्याला एक वेळ चालेल, पण त्या आवारातल्या बहुतेक मुलांना ते हराम आहे. फेस दिसला की ओतून टाकायचं, साखर घालून सावरायचं नाही. आणि भांड्यावर 'मनुकांचं सरबत' अशी ठळक चिठ्ठी लाव, म्हणजे कुणाला विचारायचा संकोच नको.

मलिदा, आपला गोड पोह्यांचा प्रसाद, व्यासपीठावर नको. तो एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने, आभाराचा. बक्षिसांच्या गोंगाटात त्याची किंमत राहत नाही. समारंभ आटोपल्यावर आपली कुटुंबं आणि ज्यांना यावंसं वाटेल ते, एका वर्गात. शंभर जणांना हातावर मूठभर देण्यासाठी तीन किलो जाडे पोहे, दहा नारळ, पावणेदोन किलो साखर, अर्धा किलो काजू-बदाम-बेदाणे, वीस-पंचवीस वेलच्या, अर्धं जायफळ. पोहे आदल्या दिवशी नाही, पण त्याही आधी, शुक्रवारी सकाळी उजेडात थाळीत पसरून निवडून ठेव. किडा-अळी दिसली तर ती पिशवीच बाजूला. पातळ पोहे घेतले तर लगदा होतो. धुवायचे, भिजवायचे नाहीत: चाळणीत पाणी ओतायचं, निथळू द्यायचे, वीस मिनिटं झाकायचे. नारळ रविवारी सकाळीच खवायचा. चार तास उन्हाळ्यात राहिला की आंबूस होतो आणि त्याबरोबर सगळा मलिदा जातो. साखर अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. फळं पाच. केळ्याची बेराखा जमिनीच्या फळाची, खजूर आणि सफरचंदाची झाडाच्या फळाची. दोन्ही प्रकारची फळं ताटात आहेत ना ते बघ. गुलाबाच्या पाकळ्या वासाच्या बेराखेसाठी. त्या मारलेल्या औषधाच्या वासाच्या नसाव्यात, म्हणून हार-गुच्छाच्या दुकानातून न घेता सुटी फुलं घे. किप्पा, म्हणजे प्रार्थनेच्या टोप्या, पन्नास जादा ठेव. पाहुणा रुमाल डोक्यावर धरून अवघडून उभा राहतो, ते बरं दिसत नाही.

सेदाकाच्या, म्हणजे दानाच्या, डब्याची मोजणी समारंभाच्या आधी गुरुवारी कर. दोन शिक्षक, एक पालक, तिघांच्या सह्या. मुलं दर शुक्रवारी टाकतात ती नाणीच जास्त असतात, बँक नाणी मोजायला वेळ लावते. माइकवर एकूण रक्कम आणि ती कशाला जाणार एवढंच: जूनमध्ये अमुक इतक्या मुलांच्या वह्या. कोणत्या वर्गाने जास्त टाकले हे सांगायचं नाही, आणि सेदाकाला बक्षीस तर नाहीच नाही. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत ते देणं आपल्या जुन्या धर्मशास्त्रकाराने, रामबामने, वरच्या पायरीवर ठेवलं आहे. कोणत्या मुलांना वह्या मिळणार ते तुला आणि बाईंनाच ठाऊक असावं.

इस्रायलमधल्या अशदोद-लोदच्या माजी विद्यार्थ्यांना थेट जोडायचा मोह होईल. मार्चअखेर तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, तेव्हा अंतर अडीच तासांचं. आपल्या ९ ला त्यांचे साडेसहा. वर रविवार हा तिकडे कामाचा दिवस. मोबाइल आडवा धरून काढलेला दोन मिनिटांचा निरोप आधी मागवून घे, १५ मार्च ही शेवटची तारीख सांग, म्हणजे २५ पर्यंत येईल.

समारंभ झाला की शाळा संपली असं नसतं. मे महिन्यात रंगारी येतो आणि दाराच्या चौकटीवरच्या मेझुझावर, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेल्या डबीवर, रंग फासून मोकळा होतो. आतल्या चामड्याच्या गुंडाळीवर २२ ओळी आणि ७१३ अक्षरं हाताने लिहिलेली असतात; त्यांतलं एक अक्षर जरी भंगलं तरी ती चालत नाही. ऑइलपेंटचा थेंब फटीतून आत गेला तर बाहेरून कळतही नाही. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक मेझुझा कागद आणि चिकटपट्टीने गुंडाळ आणि किती दारं ते वहीत लिही. सार्वजनिक जागेची तपासणी पन्नास वर्षांत दोनदा सांगितली असली तरी मुंबईच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं. दर तीन-चार वर्षांनी जाणकाराकडून उघडून घ्यावी.

दाखल्यांचंही मेमध्येच बघ. शाळा सोडणाऱ्या ज्यू मुलांच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात 'ज्यू' स्पष्ट लिहिलं आहे का, ते जनरल रजिस्टरशी ताडून पाहा. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचा उपयोग कागदावर नीट नोंद असली तरच. पूर्वी कचेऱ्यांत हा रकाना 'ख्रिश्चन' किंवा 'इतर' असा भरला जायचा आणि तो सुधारायला पुढे प्रतिज्ञापत्रांची रांग लागते. नोंद मुळात चुकीची असेल तर खोडाखोड करू नका. दुरुस्तीची रीतसर परवानगी शिक्षण विभागाकडून येते, आणि पालकाचा अर्ज मूल शाळेत असेपर्यंतच सोपा जातो.

यादीचा पहिला खर्डा झाला की मला पाठव. लाल पेन्सिल मी घेऊन ठेवली आहे. आणि हॉलचं भाडं नक्की करताना जनरेटरचं डिझेल त्यात धरलंय की वेगळं, हे विचारून घे.

आई सांगते, चिकच्या हलव्याचा डबा परत पाठवायला विसरू नकोस.

तुझे
पप्पा